इलेक्ट्रोलिसिस: नागपुरात सुई कोणाच्या हातात द्यायची?

निशिगंधा_मानेवाडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) आहे, वय छत्तीस. हनुवटीखाली आणि गळ्यावर राठ केस येतात. लेझरने काळे केस बऱ्यापैकी गेले, पण पांढरे आणि भुरे उरलेत, ते दाद देत नाहीत. लेझर केसातला काळा रंग पकडतं, रंगच नसेल तर पकडणार काय, असं तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं आणि इलेक्ट्रोलिसिस करा म्हणाल्या, म्हणजे केसाच्या छिद्रात बारीक सुई उतरवून करंटने मूळ मारायचं. त्या स्वतः ते करत नाहीत.

म्हणून शोध सुरू केला. रामदासपेठेत एका ठिकाणी बोर्डावर मोठ्या डॉक्टरांचं नाव, आत सुई धरणारी मुलगी वेगळीच. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, मशीन बसवायला कंपनीचे लोक आले होते, त्यांनी दाखवलं. सदरला एका ठिकाणी आठ सीटिंगमध्ये कायमची सुटका, वर गॅरंटी, आणि आजच पैसे भरले तर सवलत. प्रतापनगरला एका घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. तिथल्या बाई पन्नाशीच्या, मुंबईला शिकून आलेल्या, हेच काम बरीच वर्षं करतात. त्यांनी पैशांचं बोलायच्या आधी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. पण घरचे म्हणतात, पार्लर ते पार्लर, चेहऱ्याचा प्रश्न आहे, डॉक्टरकडेच जा.

योग्य माणूस ओळखायचा कसा? पदवी बघायची, मशीन बघायचं की अनुभव? नावं, नंबर कृपया व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवा, धाग्यावर नकोत.

वैदर्भी

बरं झालं विचारलं. मी वरचा ओठ आणि हनुवटी करून घेतली आहे, आता अधूनमधूनच जाते.

सगळ्यात मोठी खूण सांगते. केस ओढला गेल्यासारखं वाटलं नाही पाहिजे. सुई कातडीत नवं भोक पाडत नाही, केसाच्या असलेल्याच छिद्रातून उतरते, त्यामुळे हात चांगला असेल तर ती आत गेलेली कळतसुद्धा नाही. मग करंट येतो तेव्हा चटका बसतो, तो बसणारच. त्यानंतर चिमट्याने केस उचलला की अलगद सरकून यायला पाहिजे. बाईंनी मला भिंगाखाली दाखवला होता, मुळाशी ओलसर पांढरट आवरण होतं. थ्रेडिंगमध्ये बसतो तसा झटका बसला तर मूळ आत जिवंत आहे. इलेक्ट्रोलिसिसचे पैसे घेऊन केस नुसता उपटला.

मी आधी जिच्याकडे गेली होती ती दर केसाला खेचून राहिली होती अन् वरून मलाच सांगून राहिली की तुमचे केस जिद्दी आहेत. अर्ध्यातून उठून आली मी.

धंतोलीकर

घरच्यांचं बरोबर आहे. एमडी त्वचारोगशिवाय कोणाच्याही हाती चेहरा देऊ नका. चुलत बहिणीच्या ओठावर एका पार्लरमध्ये खड्डे पडलेत, ते भरून येत नाहीत.

मीरा_ट्रान्सवुमन

धंतोलीकर, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण "फक्त एमडी" यावर माझा अनुभव वेगळा आहे, सविस्तर लिहिते.

मी पूर्ण दाढी काढून घेतली आहे. आधी लेझर, मग उरलेल्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. दाढीला शंभर तासांच्या वर सहज लागतात, आणि हे तास एखाद-दोन वर्षांत पसरलेले असतात, कारण एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात. मूळ पक्कं मरतं ते केस वाढत असताना. आज जे झोपलेले आहेत ते काही महिन्यांनी वर येतात, तेव्हा त्यांची पाळी. म्हणून "आठ सीटिंगमध्ये कायमचं" म्हणणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही. दोन्ही वाईटच.

इतके तास कोणाच्या हाताखाली पडून राहिलं की हात कळायला लागतो. माझं काम ज्यांनी केलं त्या डॉक्टर नाहीत. कॉस्मेटॉलॉजीचा रीतसर अभ्यासक्रम करताना सुईचं काम शिकल्या, मग एका अनुभवी बाईंच्या हाताखाली राहिल्या. दर वेळी सुरुवातीला दोन-चार केस काढून माझ्याकडे बघायच्या, मग करंट कमी-जास्त करायच्या. एकाला लागून असलेला दुसरा केस लगेच कधी घेतला नाही, मध्ये जागा सोडायच्या, म्हणजे कातडीला उष्णता एका जागी साचत नाही. आपल्या सावळ्या रंगाला हे फार महत्त्वाचं आहे. गोऱ्या कातडीवर लाली येऊन जाते, आपल्याकडे तिथे काळा डाग पडतो आणि महिनोन् महिने राहतो.

आणखी एक गोष्ट विचारा: पैसे मिनिटावर की केसांच्या संख्येवर? मला मिनिटावरचेच बरे वाटले. केसांवर पैसे असले की भराभर संख्या वाढवण्याकडे ओढा जातो, आणि घाईत सुई चुकते.

शेवटचं. मी कोण आहे हे कळल्यावर ज्यांची वागणूक बदलली त्यांच्याकडे मी परत गेले नाही. या कामात माणूस काही दिवसांची दाढी वाढवून, काही न झाकता, उजेडाखाली चेहरा पुढे करतो. तिथे मान राखणारं माणूसच लागतं. निशिगंधाताई, औषधं आधी विचारणाऱ्या त्या प्रतापनगरच्या बाईंना यादीतून काढू नका.

त्वचेचं_बोलू

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नागपुरातच. वरच्या दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण क्रम महत्त्वाचा. सुईच्या आधी निदान.

चेहऱ्यावर राठ केस येण्यामागे बहुतेकींना पीसीओएस असतं, पण थायरॉईड, प्रोलॅक्टिन, अॅड्रिनल ग्रंथी, काही औषधं हेही बघावं लागतं. केस अचानक काही महिन्यांत वाढले, आवाज जाड झाला, डोक्यावर पुरुषांसारखं टक्कल पडू लागलं, पाळी थांबली, यातलं काही असेल तर पार्लरचा रस्ता सोडून आधी तपासणी करा, कारण क्वचित कुठे गाठ निघते. पीसीओएसचं निदान झालेलं असलं तरी ते नियंत्रणात आहे का बघायला हवं. हार्मोन नवे केस जाड करत राहिले तर मेलेल्या मुळांच्या शेजारी नवी उगवत राहतात, मग पेशंट म्हणते इलेक्ट्रोलिसिस फसलं. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला सहा महिने तरी जातात, म्हणून दोन्ही बरोबरीने चालवतात. यासाठी महागडं क्लिनिकच हवं असं नाही. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं.

पांढऱ्या केसांबद्दल तुमच्या डॉक्टरांनी योग्यच सांगितलं. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आहे: केस काळे-तपकिरी असतील तर लेझर, पांढरे-सोनेरी असतील तर इलेक्ट्रोलिसिस.

आता "फक्त एमडी" बद्दल. एमडीला मी लेझर भरपूर शिकले. इलेक्ट्रोलिसिसची सुई हाताला सवय होईल इतकी कोणी हातात दिली नाही. डॉक्टर आजार ओळखतील, औषध देतील, डाग पडला तर सांभाळतील. पण केसाचा कोन ओळखून त्याच कोनात, मुळाच्या खोलीइतकीच सुई उतरवणं हे हातकाम आहे, आणि तो हात तासन् तास करूनच बसतो. भारतात इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्यांसाठी वेगळी परवाना पद्धत नाही, म्हणून कोणीही बोर्ड लावतो. डॉक्टरांचं नाव बघून जाणार असाल तर दोन गोष्टी करा. बोर्डावरच्या किंवा प्रिस्क्रिप्शनवरच्या नोंदणी क्रमांकावरून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव तपासा. पदवी त्वचारोगाची आहे का बघा, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी असा डिप्लोमा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" नुसतं लिहिलेलं असेल तर त्याखाली काहीही असू शकतं. आणि मग सरळ विचारा: सुई तुम्ही धरणार की दुसरं कोणी? दुसरं कोणी असेल तर त्यांना भेटवा, त्यांचं शिक्षण विचारा, आणि काही बिघडलं तर त्या वेळी तुम्ही इमारतीत असाल का ते विचारा. रामदासपेठेत तुम्ही जे पाहिलंत त्यात डॉक्टरांचं नाव तुमच्या कामाला येणारच नव्हतं.

धंतोलीकर

डॉक्टर, हे पटलं. बहिणीच्या वेळी आम्ही फक्त बोर्ड वाचला होता. खड्डे नेमके का पडतात?

त्वचेचं_बोलू

करंट वाजवीपेक्षा जास्त, किंवा सुई चुकीच्या खोलीवर. वरवर राहिली तर कातडीच भाजते, करंट देताच छिद्राभोवती पांढरं वर्तुळ उमटतं. कोन चुकला तर कातडी आत दबते, रक्ताचा ठिपका येतो. असं पुन्हा पुन्हा दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. जवळजवळचे केस एका बैठकीत घेतले तरी हेच होतं. बहिणीला दाखवायला घेऊन या, खड्ड्यांवर बऱ्यापैकी उपचार आहेत. केलॉइड उठण्याची प्रवृत्ती असेल, म्हणजे कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर सुईच्या आधीच सांगायचं.

कॅलिफोर्नियातली_वऱ्हाडी

माहेर नागपूरच्या महाल भागातलं, आता इकडे कॅलिफोर्नियात. मी इथे इलेक्ट्रोलॉजिस्टचा परवाना घेतला आहे म्हणून लिहिते. अमेरिकेतही सगळीकडे सारखं नाही, काही राज्यांत परवाना लागतो, काहींत लागत नाही. कॅलिफोर्नियात ६०० तासांचं प्रशिक्षण आणि मग परीक्षा. त्याशिवाय अमेरिकन इलेक्ट्रॉलॉजी असोसिएशनची सीपीई नावाची ऐच्छिक परीक्षा आहे, ती टिकवायला शिकत राहावं लागतं. इकडच्या एफडीएच्या (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लेखी लेझर म्हणजे केस कायमचे कमी करणं, आणि इलेक्ट्रोलिसिस म्हणजे कायमचे काढणं. हा फरक जाहिरातवाले मुद्दाम पुसतात.

मशीनच्या बाबतीत कोणी "नवीन जर्मन टेक्नॉलॉजी" म्हणून भुलवलं तर भुलू नका. ही पद्धत १८७५ सालची आहे. सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणारे पापणीचे केस बॅटरीच्या करंटने सुईवाटे काढले, तिथून हे सुरू झालं. आजही प्रकार तीनच. गॅल्व्हॅनिक, म्हणजे डायरेक्ट करंट. तो छिद्रातल्या मीठ-पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार करतो आणि तो मूळ जाळतो. सावकाश चालतं. थर्मोलिसिस, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी करंट, उष्णतेने मूळ शिजवतो, काही सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात. आणि ब्लेंड, दोन्ही एकत्र. वाकडीतिकडी मुळं असतील, वर्षानुवर्षं थ्रेडिंग-प्लकिंग झालेलं असेल, तर ब्लेंड किंवा गॅल्व्हॅनिक बरं पडतं, कारण सोडा वाकणात झिरपतो. म्हणून विचारायचा प्रश्न असा: माझ्या केसांना तुम्ही कोणता प्रकार वापरणार आणि का? ज्याला येतं तो दोन मिनिटांत समजावून सांगतो. "मशीन आपोआप ठरवतं" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

सुईबद्दल. दर वेळी नवी, निर्जंतुक, सीलबंद पाकिटातली, आणि पाकीट तुमच्यासमोर फाडलेलं. हेपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही हे धोके खरे आहेत. सुईची जाडीही केसानुसार बदलते, राठ केसाला बारीक सुई घालून भागत नाही. निकेलची अॅलर्जी असेल, खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर सोन्याचा मुलामा असलेली सुई येते, ती मागा. सावळ्या रंगाला थर्मोलिसिस किंवा ब्लेंड करताना वरचा भाग आवरणाने झाकलेली इन्सुलेटेड सुई असेल तर उत्तम, कातडीचा वरचा थर वाचतो.

त्वचेचं_बोलू

सुईवरून आठवलं. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या असतात. खोलीत तो डबा दिसतो का बघा. ओल्या कापसाच्या वाटीत सुई ठेवलेली दिसली तर ती पुढच्या पेशंटसाठी ठेवली आहे असं समजा.

रुचा_हिंगणा

ऑनलाइन बिनसुईचा इलेक्ट्रिक चिमटा मिळतो, घरी करायचा. कोणी वापरलाय का? स्वस्त आहे.

कॅलिफोर्नियातली_वऱ्हाडी

रुचा, नको घेऊस. केस विजेचा वाहक नाही, वरून धरलेल्या चिमट्यातला करंट केसातून मुळापर्यंत पोचत नाही. शेवटी केस उपटलाच जातो. पट्टी चिकटवून करतात तेही तसंच. सुई छिद्रात उतरल्याशिवाय इलेक्ट्रोलिसिस होत नाही.

अंजली_सीताबर्डी

माझ्या आईला हनुवटीवर पांढरे केस आहेत, तिला फार लाज वाटते, देवळातसुद्धा पदर तोंडावर धरून बसते. वय सत्तरच्या आसपास. पेसमेकर आहे. करता येईल का?

त्वचेचं_बोलू

अंजली, पेसमेकर असताना इलेक्ट्रोलिसिस करायचं नाही. शरीरातून करंट जातो आणि पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. त्यांचे केस बारीक कात्रीने कापा किंवा थ्रेडिंग करा, त्याने केस वाढत नाहीत, हा गैरसमज त्यांच्या मनातून काढा. आणि इथून एक कसोटीही मिळते. पेसमेकर, इंप्लांट, गरोदरपण, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनोइन, हर्पिस, हे काहीच न विचारता जो सुई काढतो त्याच्याकडे कोणीच जाऊ नये.

अंजली_सीताबर्डी

बरं झालं विचारलं. एका ठिकाणी तिची वेळ घेतली होती, त्यांनी वयसुद्धा विचारलं नव्हतं. आत्ताच फोन करून रद्द केली. धन्यवाद डॉक्टर.

वैदर्भी

आपल्या गावच्या हवेचं कोणी बोललं नाही, ते मी सांगते. सुरुवात हिवाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, सीटिंग झाल्यावर घाम त्या लाल ठिपक्यांवर झोंबतो आणि ऊन लागलं की डाग पक्का. गाडीवर आपण सगळ्या चेहऱ्याला स्कार्फ बांधून फिरतो, तो नेमका हनुवटीवर घासतो आणि धुळीने भरलेला असतो. सीटिंगच्या दिवशी मी मेट्रोनेच जात होती, अन् स्वच्छ धुतलेली सुती ओढणी सैल घेत होती. नंतर एक-दोन दिवस मेकअप नाही, वाफ नाही, स्विमिंग नाही. बारीक खपली धरली तर नखाने काढायची नाही. सनस्क्रीन रोज.

अन् जायच्या आधी काही दिवस थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. केस चिमट्यात धरता येईल इतका वर पाहिजे. मधल्या दिवसांत फारच दिसून राहिले तर कात्री.

मीरा_ट्रान्सवुमन

सुन्न करणाऱ्या क्रीमबद्दल: डॉक्टरांना विचारूनच, आणि पूर्ण चेहऱ्यावर थापायचं नाही, रक्तात उतरून त्रास होऊ शकतो. छोट्या भागापुरतं, तासभर आधी. ओठाच्या वर दुखतं, हनुवटीखाली त्या मानाने कमी.

निशिगंधा_मानेवाडा (धागाकर्ती)

सगळ्यांचे किती आभार मानू. कळवायचं राहिलं होतं, म्हणून आज बसून लिहिते.

आधी हार्मोनच्या तपासण्या केल्या, थायरॉईड थोडं वर निघालं, गोळी सुरू झाली आहे. मग रामदासपेठेत फोन करून विचारलं की सुई डॉक्टर धरतील का. "आमचा स्टाफ ट्रेंड आहे" एवढंच उत्तर मिळालं. तिथलं नाव काढून टाकलं.

प्रतापनगरच्या बाईंकडे गेले आणि तुमचे सगळे प्रश्न विचारले. रागावतील असं वाटलं होतं. त्या उठून आत गेल्या, प्रमाणपत्र आणलं, मग सुयांची पाकिटं पुढे ठेवली. एक्स्पायरीची तारीख मला वाचायला लावली. ब्लेंड का वापरणार ते समजावलं: बरीच वर्षं चिमटा चालल्यामुळे माझी मुळं वाकलेली असणार. पॅकेज नाही म्हणाल्या. "आधी जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशा जागी दहा मिनिटं करू. महिन्याभराने कातडी बघू. डाग नसेल तरच पुढे." हनुवटी त्या दिवशी मागूनही केली नाही.

भिंगाचा दिवा डोक्यावर, हातात ग्लोव्हज. सुई आत गेली ते खरंच कळलं नाही, मग गरम चटका, त्या मनात आकडे मोजत होत्या, आणि केस कधी निघाला तेही कळलं नाही. कागदावर ठेवून दाखवला, वैदर्भीने लिहिलंय तसं पांढरट आवरण होतं. एका केसाला ओढ जाणवली, मी सांगायच्या आतच त्यांनी हात थांबवला आणि पुन्हा करंट दिला. सुई शेवटी पांढऱ्या डब्यात गेली. संध्याकाळपर्यंत लाली होती, सकाळी नव्हती. महिना झाला, जागा स्वच्छ आहे. डॉक्टरांनाही दाखवली, त्या म्हणाल्या सुरू करा, डाग दिसला तर थांबवून माझ्याकडे या.

घरचे आता काही म्हणत नाहीत.

एक शंका. मेमध्ये धाकट्या नणंदेचं लग्न आहे. शेवटची सीटिंग कधी घ्यावी?

वैदर्भी

लग्नाच्या आधीचे दोन आठवडे चेहऱ्याला हात लावू देऊ नका. हळद, मेकअप, मांडवातला घाम, सगळं त्याच जागेवर येते. उगवलेले कात्रीने कापा, चिमटा घेऊ नका, नाहीतर जूनमध्ये ते केस सुईला सापडणार नाहीत. अन् त्या बाईंचा नंबर व्यनि करा, मला वहिनीसाठी पाहिजे.

अंजली_सीताबर्डी

मलाही व्यनि करा. आईसाठी नाही, माझ्यासाठी.